क्रीडामहोत्सवाची दृश्यभाषा : म्युनिक १९७२

एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी परक्या देशात आलेल्या प्रेक्षकाची स्थिती क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. तेथील भाषा त्याला येत नाही, लिपीही कदाचित ओळखीची नसते. पोहण्याच्या शर्यती कोठे आहेत, तिकीट कोठे मिळते, प्रथमोपचाराची खोली कोणती, पिण्याचे पाणी कोठे आहे, हे त्याला काही मिनिटांत कळले पाहिजे. असे हजारो लोक एकाच वेळी एकाच आवारात वावरत असतात आणि प्रत्येकाची मातृभाषा निराळी असते. या सर्वांना वाट दाखविण्यासाठी अनेक भाषांत फलक लिहावयाचे म्हटले, तर फलकांचेच अरण्य उभे राहील. म्हणून शब्दांवाचून बोलणारी एक भाषा तयार करावी लागते.

परंतु वाट दाखविणे एवढेच तिचे काम नसते. यजमान देश जगाला आपला जो चेहरा दाखवू इच्छितो, तोही याच भाषेतून व्यक्त होतो. बोधचिन्ह, रंगांची निवड, अक्षरांचे वळण, खेळांची चित्रचिन्हे, भित्तिपत्रके, तिकिटे, ध्वज, कर्मचाऱ्यांचे गणवेश आणि शुभंकर या सर्वांचा मिळून जो एकसंध ठसा मनावर उमटतो, त्यास त्या स्पर्धेची दृश्य ओळख असे म्हणता येईल. ती कशी घडविली जाते, तिच्यामागे कोणता विचार असतो आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्यासाठी १९७२ सालच्या म्युनिक ऑलिंपिकचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. संकल्पनाच्या दृष्टीने ते आजही आदर्श मानले जाते. आणि संकल्पनाला काय साधता येत नाही, याचा धडाही त्याच उदाहरणात आहे.

टोकियो आणि मेक्सिको

म्युनिकच्या आधीच्या दोन स्पर्धांनी या कार्याचा पाया घातला होता. १९६४ साली टोकियो येथे आशिया खंडातील पहिले ऑलिंपिक भरले. जपानी लिपी वाचू शकणारे पाहुणे फारच थोडे असणार, हे आयोजकांना ठाऊक होते. मासारू कात्सुमी या कलासमीक्षकांच्या मार्गदर्शनाखाली संकल्पनकारांचा एक गट कामाला लागला. युसाकू कामेकुरा यांनी बोधचिन्ह तयार केले. पांढऱ्या पृष्ठभागावर मोठे लाल सूर्यबिंब, त्याखाली सोनेरी पाच वर्तुळे आणि त्याखाली नगराचे नाव व वर्ष, एवढेच त्यात होते. योशिरो यामाशिता यांनी निरनिराळ्या खेळांसाठी चित्रचिन्हे रेखाटली. स्वच्छतागृह, दूरध्वनी, भोजनालय यांसारख्या सोयींसाठीही चिन्हे तयार करण्यात आली. एका क्रीडास्पर्धेसाठी चित्रचिन्हांची इतकी सुसंगत मालिका त्यापूर्वी कधी झाली नव्हती.

१९६८ साली मेक्सिको नगरीने वेगळा मार्ग स्वीकारला. आयोजन समितीचे अध्यक्ष पेद्रो रामिरेझ वास्केझ हे स्वतः वास्तुशिल्पी होते. आपला देश म्हणजे निद्रिस्त आणि मागासलेला, ही बाहेरच्यांची समजूत पुसून टाकावी, अशी त्यांची इच्छा होती. लान्स वायमन या तरुण अमेरिकन संकल्पनकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ऑलिंपिकच्या वर्तुळांतूनच ६८ हा आकडा साकारला आणि त्याच रेषा पुढे वाढवून मेक्सिको हे नाव लिहिले. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारख्या या समांतर रेषांचे नाते एकीकडे त्या काळच्या आधुनिक चित्रकलेशी, तर दुसरीकडे मेक्सिकोतील हुइचोल आदिवासींच्या कलेशी होते.

मेक्सिकोच्या या देखण्या योजनेवर मात्र रक्ताचे शिंतोडे उडाले. ‘शांततेत सर्व काही शक्य आहे’ ही त्या स्पर्धेची घोषणा होती आणि शांततेचे कबूतर नगरात जागोजाग रंगविलेले होते. उद्‌घाटनाला दहा दिवस उरले असताना, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्लातेलोल्को येथील चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सैनिकांनी गोळीबार केला. त्यात अनेकांचे प्राण गेले. त्या वर्षी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरकारच्याच दृश्यभाषेचा उपयोग सरकारविरुद्ध केला होता. ऑलिंपिकच्या अक्षरवळणात आणि चित्रचिन्हांच्या धाटणीत त्यांनी लाठीधारी पोलीस दाखविणारी भित्तिपत्रके काढली. चांगली दृश्यभाषा ही कोणत्याही भाषेसारखीच असते. एकदा ती लोकांना अवगत झाली की, तिच्यातून काय बोलले जाईल हे तिच्या निर्मात्याच्या हाती राहत नाही.

भूतकाळाचे ओझे

म्युनिकपुढील प्रश्न याहूनही अवघड होता. जर्मनीत यापूर्वी १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक भरले होते आणि हिटलरच्या राजवटीने त्या महोत्सवाचा आपल्या प्रचारासाठी पुरेपूर उपयोग करून घेतला होता. लाल ध्वजांच्या रांगा, त्यांवरील पांढऱ्या वर्तुळातील काळे स्वस्तिक, गणवेशधारी पथके आणि प्रचंड दगडी क्रीडागार, ही त्या स्पर्धेची दृश्य ओळख होती. येथे भारतीय वाचकांच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे. आपण जे चिन्ह उंबरठ्यावर आणि वहीखात्याच्या पहिल्या पानावर मंगल म्हणून रेखाटतो, तेच युरोपात लक्षावधी लोकांच्या हत्येची आठवण करून देते. चिन्हाचा अर्थ केवळ त्याच्या आकारात नसतो. ते कोणी वापरले आणि कशासाठी वापरले, यावरून तो ठरतो.

म्युनिक नगरीचा या इतिहासाशी निकटचा संबंध होता. नाझी पक्षाचा जन्म तेथेच झाला आणि डाखाऊची छळछावणीही तेथून जवळच होती. १९६६ साली स्पर्धेचे यजमानपद मिळाले, तेव्हा आयोजन समितीचे अध्यक्ष विली डाऊमे आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे उद्दिष्ट स्पष्ट होते. ही स्पर्धा सर्व अर्थांनी बर्लिनच्या उलट असावी, तीत दरारा नसावा, प्रसन्नता असावी. क्रीडासंकुलासाठी निवडलेल्या जागेवर दुसऱ्या महायुद्धात उद्‌ध्वस्त झालेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांची टेकडी होती. ती हलविण्यात आली नाही. तिच्यावर गवत उगवले आणि ती उद्यानाचाच भाग झाली. तिच्या पायथ्याशी ग्युंटर बेनिश, फ्राय ओटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळ्याच्या जाळ्यासारखे पारदर्शक छत उभारले.

दृश्य ओळखीचे कार्य ओट्ल आयशर यांच्याकडे सोपविण्यात आले. ही निवड अर्थपूर्ण होती. आयशर यांचा जन्म १९२२ साली उल्म या गावी झाला. किशोरवयात त्यांनी हिटलरच्या युवक संघटनेत जाण्याचे नाकारले आणि त्यामुळे त्यांना शालान्त परीक्षेला बसू देण्यात आले नाही. हान्स आणि सोफी शोल ही भावंडे त्यांच्या निकटच्या स्नेहमंडळातील होती. नाझी राजवटीविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल २२ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक येथेच या दोघांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांची बहीण इंगे हिच्याशी आयशर यांचा पुढे विवाह झाला. या दोघांनी माक्स बिल यांच्या सहकार्याने उल्म येथे संकल्पनाचे महाविद्यालय स्थापन केले. १९५३ साली तेथे अध्यापनास प्रारंभ झाला आणि १९६८ साली ते बंद पडले. परंतु तेवढ्या अवधीत त्याचा प्रभाव दूरवर पोहोचला. भारताशीही त्याचे नाते आहे. उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ साली मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत सुरू झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचा पाया घातला.

रंग, अक्षरे आणि नियम

सामान्यतः अशी अपेक्षा असते की, प्रथम बोधचिन्ह निश्चित व्हावे आणि बाकी सर्व त्याभोवती रचावे. आयशर यांनी हा क्रम मानला नाही. एखादे चिन्ह सर्वत्र छापल्याने एकसूत्रता येत नाही, असे त्यांचे मत होते. ज्याप्रमाणे एखाद्या कुटुंबातील माणसे नावपट्टीवाचूनही चेहरेपट्टीवरून ओळखू येतात, त्याप्रमाणे प्रत्येक वस्तू तिच्या रंगावरून आणि मांडणीवरून ओळखू आली पाहिजे. म्हणून आरंभ रंगांपासून झाला.

मुख्य रंग म्हणून फिकट निळा निवडण्यात आला. बव्हेरिया प्रांतातील आकाश आणि सरोवरे यांचा तो रंग. त्याच्या जोडीला पांढरा, रुपेरी, फिकट व गडद हिरवा, गडद निळा, पिवळा आणि नारिंगी हे रंग घेण्यात आले. इंद्रधनुष्यात जसे रंग एकमेकांशेजारी सुखाने नांदतात, तसे ते येथे नांदावेत, ही कल्पना होती. परंतु जे रंग घेतले, त्यांच्याइतकेच जे वगळले तेही महत्त्वाचे आहेत. लाल आणि काळा हे रंग जाणूनबुजून टाळण्यात आले. लाल हा बर्लिनच्या ध्वजांचा आणि सत्तेचा रंग होता. राजवैभव सुचविणारा सोनेरी आणि जांभळा यांनाही स्थान मिळाले नाही. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. जर्मनीच्या राष्ट्रध्वजाचे काळा, लाल आणि सोनेरी हे तिन्ही रंग यजमान देशाच्या या महोत्सवाच्या रंगयोजनेतून बाद झाले. आपल्या राष्ट्राचे प्रदर्शन न करणे हेच आपल्या राष्ट्राविषयी सांगण्यासारखे आहे, असा हा निर्णय होता.

या रंगांचा उपयोग केवळ शोभेसाठी नव्हता. निरनिराळ्या विभागांना निरनिराळे रंग नेमून दिलेले होते. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या पोशाखावरून त्याचे काम कोणते, हे दुरूनच समजत असे. नगरातील रस्त्यांवर राष्ट्रध्वजांच्या गर्दीऐवजी याच प्रसन्न रंगांच्या पताका फडकत होत्या.

अक्षरांसाठी एड्रियन फ्रुटिगर यांनी तयार केलेले युनिव्हर्स हे एकच वळण निवडले गेले. त्यात अलंकरण नाही, रेषांची जाडी जवळजवळ समान आहे आणि लहानमोठ्या सर्व आकारांत ते स्पष्ट वाचता येते. भित्तिपत्रकांचे आणि पुस्तिकांचे आकार, समासाची रुंदी, मजकुराच्या स्तंभांची जागा, सारे काही एका अदृश्य जाळीवर बसविलेले होते. हे नियम लेखी स्वरूपात तयार करून मुद्रक, रंगारी, शिंपी आणि फलक बनविणारे यांच्यापर्यंत पोहोचविण्यात आले. अशा कार्याचे यशापयश या नीरस वाटणाऱ्या नियमपुस्तिकेवरच पुष्कळदा अवलंबून असते. हजारो वस्तू शेकडो हातांनी तयार होतात आणि त्या सर्व हातांवर एका संकल्पनकाराची नजर राहू शकत नाही. नियम मात्र सर्वांजवळ असू शकतो.

भित्तिपत्रकांतही हीच शिस्त दिसते. प्रत्येक खेळाचे छायाचित्र घेऊन त्यातील छाया-प्रकाशाच्या पायऱ्या वेगळ्या केल्या जात आणि प्रत्येक पायरीला योजनेतील एक रंग दिला जाई. त्यामुळे खेळाडूचा चेहरा आणि राष्ट्रीयत्व मागे पडे. उरे ती त्याची गती.

बोधचिन्हाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण उद्भवली. आयशर यांच्या गटाने प्रकाशकिरणांचे वर्तुळ सुचविले होते. मात्र इतक्या साध्या आकृतीला कायद्याचे संरक्षण मिळणार नाही, असा आक्षेप आला. चिन्हाच्या वापराचे हक्क विकून स्पर्धेच्या खर्चासाठी पैसा उभा करावयाचा असल्याने हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नव्हता. शेवटी कोर्ट फॉन मानस्टाइन यांनी त्या किरणवर्तुळाला चक्राकार पीळ दिला आणि ते चिन्ह स्वीकारले गेले. कलेच्या क्षेत्रातील निर्णय पुष्कळदा असे कायद्याच्या आणि हिशेबाच्या दारातून आत येतात.

चित्रचिन्हांचे व्याकरण

म्युनिकच्या योजनेतील सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे चित्रचिन्हे. आयशर यांनी टोकियोच्या चिन्हांचा अभ्यास केला आणि त्यातील कल्पना पुढे नेली. टोकियोची चिन्हे सुबक होती; परंतु प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे रेखाटलेले होते. आयशर यांनी चिन्हांसाठी व्याकरणच तयार केले. एक चौरस घेऊन त्यात उभ्या, आडव्या आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या रेषांची जाळी आखली. मनुष्याकृतीचे अवयव याच रेषांवर ठेवावयाचे. डोके म्हणजे एक गोल. हात, पाय आणि धड म्हणजे ठराविक जाडीच्या पट्ट्या. वर्णमालेतील मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द तयार होतात, तसे या मोजक्या घटकांतून सर्व खेळ दाखविता येऊ लागले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. धावणारा माणूस दाखविणे सहज जमते; पण फुटबॉल आणि हँडबॉल यांत चेंडू तर दोहोंतही गोलच असतो. तेथे शरीराच्या ठेवणीवरूनच भेद स्पष्ट करावा लागतो. हॉकीच्या चिन्हात काठीचा बाक दिसला नाही, तर ती काठी कशाची हे कळणार नाही. प्रत्येक खेळात असा एक क्षण असतो की, त्या क्षणीची शरीराची स्थिती दुसऱ्या कोणत्याही खेळात दिसत नाही. तो नेमका क्षण शोधणे आणि बाकी सर्व काढून टाकणे, हे चित्रचिन्हाचे मर्म होय. त्या आकृतीला चेहरा नाही, वेष नाही, वंश नाही. म्हणूनच कोणत्याही देशाच्या माणसाला ती आपली वाटू शकते. ही चिन्हे इतकी उपयुक्त ठरली की, १९७६ सालच्या माँट्रियल ऑलिंपिकनेही तीच स्वीकारली. आज विमानतळांवर आणि रुग्णालयांत आपल्याला जी चिन्हे दिसतात, त्यांपैकी अनेकांवर या व्याकरणाची छाप आहे.

या कडक शिस्तीला मायेचा ओलावा दिला तो वाल्डी या शुभंकराने. लांब अंगाचा, आखूड पायांचा हा कुत्रा बव्हेरियात घरोघरी परिचित असलेल्या जातीचा. त्याच्या अंगावर योजनेतील रंगांचे पट्टे होते. लाल आणि काळा अर्थातच नव्हता. उन्हाळी ऑलिंपिकचा हा पहिला अधिकृत शुभंकर. मॅरेथॉन शर्यतीचा मार्गदेखील नकाशावर वाल्डीची आकृती दिसेल अशा रीतीने आखण्यात आला होता.

५ सप्टेंबर

२६ ऑगस्ट १९७२ रोजी स्पर्धेचे उद्‌घाटन झाले. पहिले दहा दिवस आयोजकांना हवी होती तशीच प्रसन्नता म्युनिकमध्ये होती. सुरक्षा कर्मचारी फिकट निळ्या पोशाखात आणि निःशस्त्र वावरत होते. क्रीडाग्रामाभोवतीचे कुंपण एवढे कमी उंचीचे होते की, रात्री उशिरा परतणारे खेळाडू ते सहज ओलांडून येत. जर्मनीत पुन्हा काटेरी तारा आणि शस्त्रधारी पहारेकरी दिसू नयेत, असा त्यामागील हेतू होता.

५ सप्टेंबरच्या पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी संघटनेचे आठ सशस्त्र लोक तेच कुंपण ओलांडून आत शिरले. इस्रायलच्या पथकातील दोघांना त्यांनी ठार केले आणि नऊ जणांना ओलीस धरले. त्या रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुक येथील विमानतळावर सुटकेचा प्रयत्न पूर्णपणे फसला आणि नऊही ओलिसांचे प्राण गेले. एक जर्मन पोलीसही मारला गेला. दुसऱ्या दिवशी मुख्य क्रीडागारात शोकसभा झाली आणि त्यानंतर स्पर्धा पुन्हा सुरू करण्यात आली. ११ सप्टेंबर रोजी तिची सांगता झाली.

या दुर्घटनेचा दोष रंगांवर किंवा चित्रचिन्हांवर ठेवणे अर्थातच अन्यायाचे होईल. सुरक्षाव्यवस्थेतील उणिवा प्रशासनाच्या होत्या. तरीही एक प्रश्न उरतो. निर्भय आणि मोकळ्या समाजाचे जे चित्र जगापुढे ठेवावयाचे होते, त्या चित्राला बाधा येऊ नये म्हणूनच तर पहारा सौम्य ठेवण्यात आला होता. दृश्यप्रतिमा वास्तवाचे वर्णन करीत असते, तोवर ती उपकारक असते. ती इच्छेचे वर्णन करू लागली आणि त्या इच्छेलाच वास्तव समजून निर्णय घेतले जाऊ लागले, तर धोका निर्माण होतो. मेक्सिकोत शासनाने प्रतिमेच्या आड हिंसा लपविली. म्युनिकमध्ये लपविण्यासारखे काही नव्हते, उद्देश प्रामाणिक होता. म्हणूनच म्युनिकची शोकांतिका अधिक अंतर्मुख करते. भूतकाळापासून दूर जाण्याची एका राष्ट्राची धडपड खरी होती आणि ती पुरेशी नव्हती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत.

उपसंहार

भारताने १९५१ साली पहिल्या आणि १९८२ साली नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे यजमानपद दिल्ली येथे भूषविले. १९८२ च्या बोधचिन्हासाठी जंतरमंतर या वेधशाळेच्या आकृतीचा आधार घेण्यात आला आणि अप्पू हा छोटा हत्ती शुभंकर झाला. त्याच वर्षी देशात रंगीत दूरदर्शनाचे आगमन झाले आणि अप्पू दूरदूरच्या घरांत पोहोचला. त्या स्पर्धेत कोणी किती पदके मिळविली, हे आज फार थोड्यांना सांगता येईल; अप्पू मात्र त्या काळी लहान असलेल्या अनेकांना चांगला आठवतो. दृश्यप्रतिमेचे सामर्थ्य ते हेच.

आज अशा स्पर्धांच्या दृश्य ओळखीवर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक द्रव्य खर्च होते आणि तिच्यावर वादही होतात. २०२० सालच्या टोकियो ऑलिंपिकसाठी निवडलेले पहिले बोधचिन्ह दुसऱ्या एका चिन्हाशी असलेल्या साम्याच्या आक्षेपामुळे २०१५ साली मागे घ्यावे लागले होते. साधने बदलली असली, तरी संकल्पनकारापुढचे मूळ प्रश्न बदललेले नाहीत. परक्या माणसाला वाट सापडेल काय? आपण स्वतःविषयी जे सांगत आहोत ते खरे आहे काय? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर संकल्पनकार आपल्या कौशल्याने देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर एकट्या त्याच्या हाती नसते. ते यजमान समाजाला आपल्या आचरणानेच द्यावे लागते.